२४ तारखेची रात्र रिकामी ठेवू नकोस

मालवण
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. बाय हिस,


फोनवर बोलले असते. पण फोनवर तू ‘हो गं आत्ये’ म्हणतेस आणि दुसऱ्याच गोष्टीला हात घालतेस. म्हणून लिहिते आहे. पत्र सगळं वाच. मधल्या चार ओळी गाळून शेवट बघायची तुझी सवय मला माहीत आहे.

परवा बाजारपेठेत माझी जुनी सोबतीण भेटली, मुंबईला माझ्याबरोबर वॉर्डात नर्स होती ती. तिची थोरली बहीण तू काम करतेस त्याच पुण्याच्या ज्येष्ठ निवासात राहते, हे तुला ठाऊक नसावं. तिच्याकडून कळलं की यंदा तुमच्याकडचा नाताळ २० तारखेला, शनिवारी दुपारी चार ते सहा. बाहेरून मुलं नाचायला येणार, सांता येणार, केक कापणार, फोटो काढणार. सोमवारपासून निम्मे लोक रजेवर, त्यात तूही. आणि फलकावर २४ आणि २५ च्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्या बहिणीने नाताळची कुलकुलं करायची इच्छा सांगितली, तेव्हा तिला उत्तर मिळालं, “आजी, तुम्ही फक्त छान तयार होऊन बसा, बाकी सगळं आम्ही करतो.” हे बोलणारी तू होतीस म्हणे.

बाय, तू ते मायेने बोललीस, याबद्दल मला शंका नाही. पण म्हाताऱ्या माणसाला लागायचं ते मायेच्या बोलण्यातूनच जास्त लागतं. बाहेरच्याने झिडकारलं तर त्याला चार शब्द परत सुनावता येतात. आपल्या माणसाने गोड बोलून हातातलं काम काढून घेतलं, तर त्याला काय सांगायचं?

तुझी आज्जी तुला अंधुक आठवत असेल. शेवटच्या वर्षांत तिचे हात कापायचे. डिसेंबर आला की आम्ही तिला धुवट साडी नेसवून पडवीत खुर्चीवर बसवायचो. येणारा-जाणारा पाया पडायचा, आणि आम्हाला वाटायचं, केवढा मान ठेवला. एके दिवशी तीच म्हणाली, “माका नुसता बसवन ठेवू नको गो. हातात कायतरी दी.” मग पिठाचा एक गोळा आणि एक नवा कंगवा तिच्यापुढे ठेवला. कंगव्याच्या दात्यांवर पीठ दाबून तिने वळलेली कुलकुलं वेडीवाकडी झाली. काही तळताना फुटलीसुद्धा. पण त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. कोणाच्या लग्नात किती दोदोल केला, माडाचा गूळ कोणाकडून आणला, नारळाचं दूध काढायला कोण कोण बसलं, सगळं. दोदोल ढवळताना हात थांबला तर बुडाला लागतो, म्हणून बायका पाळ्या लावून ढवळायच्या, हेही तिनेच सांगितलं. पीठ हाताला लागलं तसं तिला बोलणं सुचलं.

म्हणून सांगते, त्या आजींना विस्तवाजवळ बसवू नकोस, तळणाचं काम स्वयंपाकघरातल्या लोकांना दे. पण कुलकुलं वळू दे. नेवऱ्या भरू दे. ज्यांना साखर चालत नाही त्यांनाही वळायला बसव, खाणं आणि करणं वेगळं. एखादीला बसवत नसेल तर तिला चव सांगू दे, वेलची कमी की जास्त.

मी हे नर्स म्हणून सांगते आहे, केवळ आत्या म्हणून नाही. आणि नर्स म्हणूनच माझी खरी काळजी २४ च्या रात्रीची आहे. वॉर्डात त्या रात्री घंटा वाजत राहायची. जवळ गेलं तर पाणी नको असायचं, औषध नको असायचं. “किती वाजले, सिस्टर?” एवढंच विचारायचे. घरी त्या वेळी काय चाललं असेल याचा हिशोब मनात चाललेला असायचा. दुपारी चार ते सहा नाचगाणं केलं म्हणून ती रात्र भरून निघत नाही. उलट, चार दिवस आधी सगळा गजर होऊन गेला की खरी रात्र अधिकच रिकामी वाटते.

आणि तू म्हणशील, आत्ये, तू तरी कुठे होतीस? बरोबर आहे. आमच्या तरुणपणी नाताळच्या रजेसाठी चिठ्ठ्या टाकायचे. आईच्या शेवटच्या वर्षांपर्यंत माझी चिठ्ठी निघाली तरी मी मालवणला यायची नाही. एसटीत अख्खी रात्र काढायची, आणि इथे वाडीत वीजही धड नाही, असं वाटायचं. वांद्र्याला मैत्रिणी होत्या, नवा फ्रॉक असायचा, चर्चमधली मिस्सा झाल्यावर पहाटेपर्यंत गप्पा. आई शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची आणि कोणी मुंबईला जाणारं असलं की डब्यातून नेवऱ्या पाठवायची. डबा मी परत करायची, पण सोबत पत्र नसायचं. १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली, येणं-जाणं सोपं झालं, तोवर आई राहिली नव्हती. ही खंत माझ्याबरोबर जाईल. ती तुझ्या वाटेला येऊ नये, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता नाताळची गोष्टच बघ. आपण गोठा मांडतो तेव्हा बाळ, मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, गाय, गाढव सगळे ठेवतो. म्हातारं माणूस एकही ठेवत नाही. पण लूकचं शुभवर्तमान उघड. सुरुवातच जखऱ्या आणि अलीशिबा या वयोवृद्ध नवराबायकोपासून होते. आणि बाळाला मंदिरात नेलं तेव्हा त्याला ओळखलं कोणी? शिमोनाने आणि हन्नाने. हन्ना तर चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. देवळाच्या गर्दीत हे बाळ कोण आहे, हे दोन म्हाताऱ्या माणसांना कळलं. शिमोनाने त्याला हातांवर घेतलं. बाय, त्याला कोणी खुर्चीत बसवून ठेवलं नव्हतं. बाळ त्याच्या हातात दिलं होतं.

सांताचंही तसंच. काल ६ तारखेला संत निकोलसचा सण झाला. चौथ्या शतकातला मायरा गावचा हा बिशप गुपचूप दान द्यायचा, म्हणून त्याचं नाव राहिलं. देणारा तो. तुमच्याकडे बाहेरचा तरुण लाल कपडे घालून येणार आणि ऐंशी वर्षांच्या माणसांना चॉकलेटं वाटणार. उलटं कर. तुमच्याकडच्याच एखाद्या आजोबांना देणारा होऊ दे. ज्या मावश्या रात्री अपरात्री त्यांना उठवतात-बसवतात, त्यांच्या मुलांसाठी प्रत्येकाने काहीतरी द्यावं. विणलेली टोपी, शाई भरलेलं पेन, जुनं गोष्टीचं पुस्तक, काहीही. घेऊन घेऊन माणूस थकतो, गं. देण्याची पाळी आली की जरा ताठ बसतो.

काय करायचं ते थोडक्यात सांगते, म्हणजे ‘आत्ये नुसती बोलते’ असं व्हायला नको.

पत्र हातात पडेल त्या दिवशी परातीत माती घालून नाचणी पेर. आठवड्यात हिरवी होते, गोठ्यापुढे शेत म्हणून ठेवता येते. पाणी शिंपडायचं काम ज्यांना चालता येत नाही त्यांना दे, परात त्यांच्या खिडकीत ठेव. रोज सकाळी बघायला काहीतरी उगवलेलं असेल. चांदणी विकत आणू नकोस. कामट्या आणि पतंगाचा कागद आण. दिवाळीचा कंदील ज्यांनी जन्मभर केला ते आजोबा चांदणीही करतील. आपल्याकडे माझा दादा करायचा, एक कोन नेहमी तिरका. त्या तिरक्या कोनावरून आपलं घर लांबून ओळखू यायचं.

तुमच्याकडे ख्रिस्ती माणसं मोजकी आहेत, म्हणून संकोच करू नकोस. मालवणात दिवाळीत शेजारून करंज्यांचं ताट येतं, नाताळात आपल्याकडून नेवऱ्यांचं जातं, वर क्रोशाचा रुमाल घालून. हा रिवाज तिकडे ने. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला, तेव्हा गवत, बैल, गाढव आणून ठेवलं आणि गावची माणसं मशाली घेऊन आली. सगळ्यांनी मिळून मांडायचा, तो गोठा. तुमच्याकडे कोणी निवृत्त मराठीचे शिक्षक असतीलच. त्यांना फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या जन्माच्या ओव्या वाचायला सांग. १६१६ सालचं मराठी आहे, त्यांना गोडीने वाचता येईल. रेव्हरंड टिळक तर आपल्याच कोकणातले, करजगावचे. त्यांची भजनं तालावर म्हणायला धर्म आड येत नाही. डीजे मात्र नको. कानाला श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला त्या आवाजाचा त्रास होतो, आणि ज्यांना विसर पडतो ते संध्याकाळच्या झगमगाटात घाबरतात. रडू लागले तर लोक म्हणतात, भारावले.

२४ चं आधी ठरव. जवळच्या चर्चला आजच विचार, संध्याकाळची मिस्सा किती वाजता आहे आणि व्हीलचेअर आत नेता येते का. मध्यरात्रीपर्यंत कोणाला जागवू नकोस, औषधांच्या वेळा बिघडतील. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन याल का, असं फादरांना विचार. आजाऱ्यांकडे ते येतात, त्यांना फक्त सांगावं लागतं. परत आल्यावर गोठ्याजवळ बस. गेलेल्या माणसांची नावं ज्याला घ्यायची त्याला घेऊ दे. सणाच्या दिवशी कशाला ते, असं म्हणू नकोस. सणालाच तर ती आठवतात. रात्री एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून ये. “किती वाजले?” असं कोणी विचारलं तर वेळ सांग आणि पाच मिनिटं खुर्ची ओढून बस.

आणि २५ नंतर लगेच गोठा आवरू नकोस. नाताळ एका दिवसाचा सण नाही. यंदा २८ ला पवित्र कुटुंबाचा रविवार आहे, १ जानेवारीला मरियेचा सण, ६ ला तीन राजे. भेटायला येणारी नातवंडं सगळी २५ लाच येतात आणि मग महिनाभर कोणी फिरकत नाही. त्यांच्या घरी फोन करून सांग, थोडे २८ ला या, थोडे ६ ला. तेवढं तुला जमेल.

फार बोलले. आता दुसरं बोलते.

तू रजा कशासाठी टाकलीस, हे मला न सांगताच कळलं. दादा गेला तेव्हापासून तुला वाटतं, आत्ये एकटी आहे, नाताळात तरी तिच्याजवळ असावं. २० ला सगळं उरकून बसने निघायचं, हा तुझा बेत माझ्यासाठीच होता. बाजारात ते ऐकलं तेव्हा मला आधी राग आला, आणि घरी येऊन चहा ठेवताना हे लक्षात आलं. मग चहा तसाच राहिला.

बाय, माझी काळजी करू नकोस. नाताळच्या आठवड्यात इथे पर्यटकांची एवढी गर्दी असते की चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचं तर वाट सापडत नाही. चर्चची पोरं गाणी म्हणत दारात येतात, त्यांना द्यायला नेवऱ्या कराव्याच लागतात. शेजारची वहिनी मला मिस्सेला हात धरून नेते. माझं बरं चाललं आहे. ज्यांना असं कोणी नाही ते तुझ्याकडे आहेत.

तू चांगलं काम करतेस. घरात म्हातारं माणूस सांभाळताना आपली माणसं थकतात, चिडतात, आणि तू तर परक्यांना रोज हसून सांभाळतेस. तुझ्या आज्जीला तू लाभली असतीस तर तिने तुला सोडलं नसतं. तुझा चेहरा तिच्यावर गेला आहे, हातही तसेच. पीठ मळताना अंगठा आत दुमडतेस, तशीच ती दुमडायची.

कामाच्या भरात जेवण चुकवू नकोस. पुण्याची थंडी वाढली असेल, दादाचं स्वेटर आहे ना तुझ्याकडे, ते घालत जा. मोठं होतं म्हणून लाजू नकोस.

२४ ला तिथेच राहा. रजा पुढे ढकल आणि तीन राजांना मालवणला ये. आपल्या घरी गोठा ६ जानेवारीच्या आधी कधीच मोडला नाही, यंदाही मोडणार नाही.

तुझी,
आत्ये