कार्डाचा अर्ज नामंजूर झाला? दुसरा अर्ज करण्यापूर्वी हे करा

धंद्यात उसनवारी कोणाला चुकली आहे? मुरूडच्या नौकामालकाला डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल यासाठी, श्रीवर्धनच्या सुपारी व्यापाऱ्याला बागायतदारांचे पैसे चुकते करण्यासाठी, म्हसळ्याच्या फॅब्रिकेशनवाल्याला लोखंड उचलण्यासाठी रोकड लागतेच. पूर्वी ही गरज सावकार किंवा अडत्या भागवीत असे. आता बऱ्याच ठिकाणी ती जागा क्रेडिट कार्डाने घेतली आहे. सावकाराचा तगादा दारात दिसत असे, कार्डाचे व्याज मात्र न दिसता वाढते.

व्याज आपल्या धर्मात निषिद्ध आहे, त्याविषयीचा मसला आलिमांना विचारावा. येथे विचार करायचा आहे तो ज्यांच्या कार्डावर व्याज सुरू झालेलेच आहे, त्यांनी त्यातून लवकर बाहेर कसे पडावे याचा.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे काय?

एका बँकेच्या कार्डावरची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी व्याजाने, ठराविक मुदतीसाठी नेणे याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज २,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये, असे ३,३०४ रुपये झाले. आपण ४,००० रुपये भरले, तर मूळ रक्कम फक्त ६९६ रुपयांनी उतरली. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही.

आता समजा, दुसऱ्या बँकेने हीच रक्कम सहा महिन्यांसाठी दीड टक्क्याने घेतली आणि दोन टक्के शुल्क लावले. दरमहा १३,३३३ रुपये मुद्दल फेडली, तर शुल्क, व्याज आणि कर मिळून सुमारे ६,८४४ रुपये जातात. जुन्या कार्डावर याच गतीने फेड केली असती, तर ११,५६४ रुपये गेले असते. म्हणजे ४,७२० रुपये वाचले. पण हा फायदा सहा महिन्यांत फेड केली तरच आहे. मुदत संपली की दर पुन्हा चढतो. दरमहा १३,३३३ अधिक व्याज कोठून येणार, हे आधी वहीत मांडावे आणि मगच अर्ज करावा.

नकार आल्यावर पहिली चूक

अर्ज नामंजूर झाला की पुष्कळ जण त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन बँकांत अर्ज टाकतात. हे टाळावे. आपल्या अर्जावरून बँक जेव्हा आपला पतअहवाल मागवते, तेव्हा त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. लागोपाठ चार चौकशा दिसल्या की पाचवी बँक समजते की, माणूस अडचणीत आहे. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला, तर गुणांवर परिणाम होत नाही.

पहिले काम म्हणजे कारण लेखी मागणे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी दिलेल्या निर्देशांत अर्ज नाकारल्यास त्याचे कारण अर्जदाराला लेखी कळवावे असे सांगितले आहे. तेव्हा 'सिस्टिमने घेतले नाही' एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नये. कुरआनच्या सूरह बकरामधील २८२ वी आयत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगते. देण्याघेण्यात कागद ठेवण्याची शिस्त आपल्याला नवी नाही.

पतअहवाल कसा वाचावा?

आपल्या देशात सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांसह मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. पण नुसते गुण पाहून थांबू नये, पुढील गोष्टी तपासाव्यात.

एक, नाव. आधारवर मोहम्मद, पॅनवर मुहम्मद आणि बँकेत नुसते एम.डी. असे असेल, तर नोंदी फुटतात किंवा गावातल्या सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे कर्ज आपल्या नावावर चढू शकते. सर्व कागदांवर नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकच करून घ्यावा.

दोन, जामीन. भाच्याच्या टेम्पोला किंवा आखातात जाणाऱ्या शेजाऱ्याच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असू, तर ते कर्जही आपल्या अहवालात दिसते. त्याचे हप्ते थकले, तर झळ आपल्याला बसते.

तीन, जुने शेरे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाले, आणि वर टाळेबंदीचे दिवस. अशा काळात हप्ता थकलेल्या माणसाने पुढे बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरली असेल, तर अहवालात खाते 'सेटल्ड' दिसते. त्याला 'क्लोज्ड' म्हणत नाहीत. हप्त्यांचा महिनावार तपशील साधारण ३६ महिन्यांचा दिसतो, पण हा शेरा त्यानंतरही राहू शकतो. शक्य असल्यास उरलेली रक्कम भरावी, बेबाकीचा दाखला घ्यावा आणि नोंद बदलून घ्यावी.

चार, कार्डाचा वापर. एक लाखाच्या मर्यादेपैकी नव्वद हजार सतत वापरलेले असतील, तर हप्ते वेळेवर असूनही गुण उतरतात. वापर साधारण तीस टक्क्यांच्या आत आणावा.

नोंद चुकीची असेल, तर पतमाहिती कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

दुसरा अर्ज केव्हा करावा?

दुरुस्ती अहवालात उतरल्याची खात्री झाल्यावरच, आणि एकाच बँकेत. ज्या बँकेत आपले चालू किंवा बचत खाते बरीच वर्षे आहे, तेथून सुरुवात करावी. मात्र थकलेले कार्ड त्याच बँकेचे असेल, तर बॅलन्स ट्रान्सफरसाठी दुसरी बँक लागते. मधले चार-सहा महिने प्रत्येक देणे तारखेच्या आधी भरावे.

किनाऱ्यावरच्या धंद्यासाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. बँक बहुधा सहा महिन्यांचे खातेउतारे मागते. पावसाळ्यात मासेमारी बंद, पर्यटक कमी, बांधकाम थांबलेले. सप्टेंबरमध्ये अर्ज केला, तर उताऱ्यात नेमके हेच रिकामे महिने दिसतात. तोच अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये केला, तर हंगामाची जमा दिसते. पण जमा दिसण्यासाठी ती खात्यात आली पाहिजे. रोखीने आलेला पैसा गल्ल्यातून परस्पर खर्च झाला, तर बँकेच्या दृष्टीने तो धंदा झालाच नाही. आयकर विवरणपत्र वेळेवर भरावे, उद्यम नोंदणी करावी, ती मोफत आहे. उत्पन्न फुगवून लिहू नये. ते खोटेपणाही आहे आणि पडताळणीत उघडही पडते.

पुन्हा नकार आला तर?

कार्ड मिळालेच पाहिजे असा हट्ट धरू नये. आपला हेतू कर्ज उतरवण्याचा आहे. ज्या बँकेचे कार्ड थकले आहे, तिलाच थकबाकीचे मासिक हप्ते बांधून देण्याची विनंती करावी. दर आणि शुल्क लेखी घ्यावे. घरात वापराविना पडलेली रक्कम असेल, तर आधी कार्ड फेडावे, कारण महिन्याला साडेतीन टक्के वाचवणारी दुसरी गुंतवणूक सहजी मिळत नाही. नातलगांकडून कर्जे-हसना मिळाल्यास तेही लिहून, मुदत ठरवून घ्यावे आणि मुदतीत फेडावे. पैसे घेऊन 'तुमचे कार्ड नक्की पास करून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती आधार, पॅन किंवा ओटीपी कधीही देऊ नये.

आणि जुने कार्ड मोकळे झाले की त्यावर पुन्हा खरेदी सुरू करू नये. तसे केले तर एका कर्जाची दोन कर्जे होतात. बाजारात आपली पत शब्दावर ठरते, बँकेत ती नोंदीवर ठरते. दोन्हीकडे ती वेळेवर दिलेल्या पैशानेच वाढते.