संगणकांची भाषा एक, आकड्यांचा अर्थ वेगळा

बेळगावचा रुग्ण मिरजेला उपचारासाठी गेला, की बहुधा त्याची फाइलही पिशवीतूनच जाते. दोन्हीकडे संगणक असून असे का? कारण प्रत्येक रुग्णालय माहिती आपल्या पद्धतीने साठवते.

रक्तातील साखरेचेच पाहा. आपण ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपले १२६ म्हणजे तिकडचे ७. एकक गाळून नुसता ‘७’ इथे आला, तर साखर जीवघेणी उतरली असे वाटेल! (गणिताचे सर एककाशिवाय गुण का देत नाहीत, ते आता कळले ना?)

अशा देवाणघेवाणीचे नियम ठरवण्यासाठी १९८७ साली अमेरिकेत ‘एचएल७’ ही संस्था निघाली. तिच्या ‘फायर’ या मानकात तपासणीचे नाव, आकडा, एकक, तारीख यांच्या जागा ठरलेल्या असतात. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही हेच मानक घेतले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने नोंदी जोडल्या जातात. त्या पुढे पाठवायला रुग्णाची संमती लागते.

पण सर्व रुग्णालये अजून जोडलेली नाहीत. तोवर पालकांनी मुलाला न चालणाऱ्या औषधाचे नाव फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावे.