फोटो दुरुस्त करण्याची विद्या

मंडळी, तुमच्या घरी भिंतीवर एखादा जुना फोटो असेलच. आजोबांचा असेल, नाही तर कुणाच्या लग्नातला असेल. चुलीच्या धुराने तो पिवळा पडला असेल. एखादा कोपरा कसरीने खाल्ला असेल. असा फोटो पुन्हा नीट करता येतो का? येतो.

पूर्वी हे काम स्टुडिओतला कारागीर हाताने करी. बारीक कुंचला आणि टोकदार पेन्सिल घेऊन तो तासन्‌तास बसे. काळ्या-पांढऱ्या फोटोत तो रंगही भरी. आता हेच काम संगणकावर होते, आणि कॉलेजात ते पहिल्या वर्षापासून शिकवतात. त्या वर्गात काय शिकवतात, ते आज आपण पाहू. ज्याला वाचता येते, त्याला हे समजायला काही अवघड नाही.

ठिपक्यांची रांगोळी

पहिला धडा ठिपक्यांचा. आपल्या आयाबहिणी दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके थोडे असले तर रांगोळी साधी होते. ठिपके पुष्कळ असले तर तिच्यात मोर, कमळ, वेलबुट्टी सारे येते. संगणकातला फोटोही असाच असतो. तो बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. या एका ठिपक्याला ‘पिक्सेल’ म्हणतात.

१९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून संगणकात घातला. संगणकात घातलेला तो पहिला फोटो. त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते. म्हणजे सगळे मिळून ३०,९७६. आजच्या साध्या मोबाइलच्या फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असू शकतात. म्हणजे १ कोटी २० लाख!

संगणक प्रत्येक ठिपक्याचा आकडा लिहून ठेवतो. अगदी काळा म्हणजे ०, अगदी पांढरा म्हणजे २५५, आणि मधले सारे करडे. रंगीत फोटोत एका ठिपक्याला तीन आकडे असतात. एक तांबड्याचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. या तिघांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग होतात. फोटो दुरुस्त करायचा म्हणजे हे आकडे बदलायचे. या विद्येचे मूळ एवढेच आहे.

खळ्यातल्या राशी

दुसरा धडा उजेडाचा. समजा, तुम्ही खळ्यात २५६ राशी घातल्या. डाव्या टोकाला काळ्या ठिपक्यांची रास, उजव्या टोकाला पांढऱ्यांची, आणि मध्ये करड्यांच्या. संगणक प्रत्येक फोटोच्या अशा राशी मांडून दाखवतो.

फोटो जुना होऊन विटला की काय होते? सगळ्या राशी मधोमध गोळा होतात. काळे पुरते काळे राहत नाही, पांढरे पुरते पांढरे राहत नाही. सगळे धुक्यात असल्यासारखे दिसते. तेव्हा विद्यार्थी राशींची दोन्ही टोके धरून बाजूला ताणतो. काळे पुन्हा काळे होते, पांढरे पांढरे होते. पदराचे काठ दिसू लागतात. कपाळावरचे कुंकू दिसू लागते. या कृतीला ‘लेव्हल्स’ म्हणतात.

पण ताणायचे ते बेताने. फार ताणले तर चेहऱ्याचा उजेड भकाभका होतो आणि केस शाईसारखे होतात. तेथे मग काहीच उरत नाही.

आधी नक्कल, मग काम

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. मूळ फोटोवर कधी काम करायचे नाही. आधी त्याची नक्कल करायची आणि नकलेवर हात चालवायचा. मूळ फोटो शाबूत असला तर दहा वेळा चुकले तरी चालते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फोटो साठवण्याची एक नेहमीची पद्धत आहे, तिला ‘जेपेग’ म्हणतात. ती जागा वाचवते, पण त्यासाठी बारीकसारीक तपशील टाकून देते. तोच फोटो पुन्हा पुन्हा बदलून या पद्धतीने साठवला, तर दर खेपेला थोडी घट येते. म्हणून काम चालू असते तोवर दुसऱ्या, घट न येणाऱ्या पद्धतीने साठवतात.

आईचा फोटो

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरातली आई वारली. तिचा वेगळा असा फोटो कुणी काढलेलाच नव्हता. शोधता शोधता लग्नातल्या एका जुन्या फोटोत ती सापडली. मागच्या रांगेत उभी, खांद्यावर शेजारणीचा हात, आणि चेहऱ्यावरून कागदाची घडी गेलेली. मुलाला तो चेहरा मोठा करून भिंतीवर लावायचा आहे. काय करावे?

प्रथम फोटो यंत्रावर ठेवून संगणकात घ्यायचा. या यंत्राला ‘स्कॅनर’ म्हणतात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. तसाच, काचेसकट त्याचा फोटो घ्या. आईचा चेहरा कागदावर अर्धा इंच रुंद आहे असे धरू. स्कॅनरने एका इंचात ३०० ठिपके घेतले, तर चेहऱ्याच्या वाट्याला आडवे १५० ठिपके येतात. १,२०० घेतले तर ६०० येतात. म्हणून ठिपके आधीच भरपूर घ्यायचे. मागाहून फोटो नुसता मोठा करून भागत नाही. पायलीभर ज्वारी मोठ्या कणगीत ओतली, म्हणून ती कणगीभर होते का?

मग आईभोवतीचा भाग तेवढा ठेवून बाकीचा कापायचा. मग राशी ताणायच्या. मग घडीची रेघ बुजवायची. ती कशी? गोधडी फाटली की आपण तशाच कापडाचे ठिगळ लावतो. येथेही तसेच. गालावर रेघ असेल, तर शेजारच्या गालाचेच ठिपके उचलून रेघेवर बसवायचे. या हत्याराला ‘क्लोन स्टॅम्प’ म्हणतात. चांगले ठिगळ कुठे लावले ते ओळखू येत नाही.

शेजारणीचा हात काढायचा असेल तर थर वापरतात. फोटोवर एक स्वच्छ काच ठेवली आणि त्या काचेवर रंग दिला, असे समजा. चुकले तर काच उचलून घ्यायची, खालचा फोटो जसाच्या तसा. संगणकातल्या या काचेला ‘लेयर’ म्हणतात. फोटो सुधारण्याचा ‘फोटोशॉप’ नावाचा जो प्रसिद्ध कार्यक्रम आहे, त्यात ही सोय १९९४ साली आली.

हे कार्यक्रम कुणी केले?

फोटोशॉपची सुरुवात १९८७ साली अमेरिकेत झाली. मिशिगन विद्यापीठात शिकणारा थॉमस नोल आणि त्याचा भाऊ जॉन यांनी तो रचला. त्यांच्या वडिलांना फोटोचा नाद होता. घरातच त्यांची अंधारी खोली होती. तेथे दोघे भाऊ फोटो धुवायला शिकले आणि पुढे तीच विद्या त्यांनी संगणकात आणली. १९९० साली फोटोशॉप बाजारात आला.

या कार्यक्रमासाठी पैसे भरावे लागतात. पण ‘गिंप’ नावाचा दुसरा कार्यक्रम फुकट मिळतो. कॅलिफोर्नियात बर्कली येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो १९९५ साली करायला घेतला आणि पुढच्या वर्षी लोकांना खुला केला. तुमच्या मुलामुलीला ही विद्या शिकायची असेल, तर पैशावाचून अडणार नाही. संगणक मिळाला की सुरुवात करता येते.

कुठवर जावे?

आता खरा कठीण धडा. आईच्या गालावरची रेघ बुजवली, ते ठीक झाले. पण समजा, घडी एका डोळ्यावरूनच गेली आहे आणि तो डोळा पुसला गेला आहे. मग? दुसरा डोळा उचलून, उलटा करून तेथे बसवता येतो. फोटो छान दिसेल. पण तो डोळा आईचा खरा का? आता तर स्वतःच चेहरा रचून देणारे कार्यक्रमही निघाले आहेत. ते देतात तो चेहरा सुरेख असतो, पण त्यातला किती आईचा आणि किती यंत्राचा, हे सांगता येत नाही.

आम्हांला वाटते, येथे एकच रीत चांगली. काम करणाऱ्याने घरच्यांना स्पष्ट सांगावे, ‘‘दादा, एवढा भाग मूळचा आहे आणि एवढा मी भरला आहे.’’ मग घरच्यांनी ठरवावे. आणि फाटका असला तरी मूळ फोटो जपून ठेवावा. नातवंडांना आजी खरी कशी होती, हे त्या फाटक्या कागदावरूनच कळणार आहे.

घरच्या फोटोची ही गोष्ट, तर बातमीच्या फोटोची काय कथा! फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ या नामांकित मासिकाने इजिप्तमधल्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी दोन पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले. त्यावर मोठी टीका झाली. कागदावर का होईना, दगडाचे पिरॅमिडसुद्धा जागचे हलले!

आपण काय ध्यानात ठेवावे?

जे हत्यार फोटो दुरुस्त करते, तेच हत्यार फोटो खोटाही करते. विळा तोच, पीकही कापतो आणि बोटही कापतो. मोबाइलवर कुणी सातबाऱ्याचा फोटो दाखवील आणि जमिनीचा व्यवहार करू म्हणेल. त्यातले नाव बदललेले असू शकते. मूळ नोंद सरकारी कार्यालयात ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. भांडण पेटवणारा एखादा फोटो गावात फिरू लागेल. कुठला, कधीचा, कुणी काढलेला, हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. एखाद्या मुलीचा चेहरा दुसऱ्याच फोटोवर बसवून कुणी तिला धमकावील. तेव्हा मुलीला बोल लावू नका. तिच्या पाठीशी उभे राहा. तो फोटो आणि निरोप पुरावा म्हणून ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. हा गुन्हा आहे.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. ज्याला फोटो कसा बदलतात हे ठाऊक आहे, तो सहजी फसत नाही. अक्षरे वाचायला आपण शिकलो. आता फोटोही वाचायला शिकू या.

विचार करा आणि सांगा

१. संगणकातल्या फोटोच्या एका ठिपक्याला काय म्हणतात?
२. विटलेल्या फोटोत राशी कुठे गोळा होतात?
३. मूळ फोटोवर काम का करू नये?
४. तुमच्या घरातला सर्वांत जुना फोटो कुणाचा आहे? त्याच्या मागे नाव, गाव आणि साल लिहिले आहे का? नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, एका वेगळ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा आणि तो कागद फोटोबरोबर ठेवा.