जीपगाडीच्या क्लचचा फोर्क: त्याची परीक्षा व बसवणी

बैल जुंपणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ते वेळेवर सोडतां येणेंही महत्त्वाचें, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. मोटारगाडींत हें जुंपण्यासोडण्याचें काम क्लच करितो. इंजिन हा बैल समजल्यास क्लच ही जुवाची शिवळ होय. आणि पायाखालील पेडलाची आज्ञा जो क्लचपर्यंत पोंचवितो तो लोखंडी काटा म्हणजे क्लचचा फोर्क. भाग लहान, किंमत बेताची. परंतु तो जागचा सुटला तर सबंध गाडी निकामी होते. ज्या बांधवांनीं जुन्या विलीज बनावटीच्या जीपगाड्या अद्याप जतन करून कामांत ठेविल्या आहेत, त्यांच्या उपयोगासाठीं या फोर्काची माहिती येथें देत आहोंत.

या गाडीचा पूर्ववृत्तांत.— दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून १९४५ पर्यंत विलीज कंपनीनें लष्करासाठीं जीपगाड्या तयार केल्या. फोर्ड कंपनीनेंही त्याच नमुन्यावर त्या बांधल्या. युद्ध संपतांच १९४५ मध्यें विलीजनें शेतकऱ्यांकरितां मुलकी जीप काढिली. तिच्या इंजिनाच्या शक्तीवर शेतीचीं यंत्रें चालवावीं, नांगर ओढावा, असा तो हेतु होता. आपल्याकडे मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलीज जीपगाड्यांची जोडणी हातीं घेतली. पुढें १९५३ मध्यें उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ ही जात निघाली. या गाड्यांच्या क्लचची मूळ योजना सारखीच असल्यामुळें एकीविषयीं समजलें तर दुसरीविषयीं समजण्यास अडचण पडत नाहीं.

फोर्काचें कार्य.— इंजिनाच्या मागें जड फ्लायव्हील असतें. त्यावर क्लचप्लेट व तिच्यावर स्प्रिंगांच्या जोरानें दाबणारी प्रेशरप्लेट बसते. प्रेशरप्लेटीस तीन बोटें असतात. तीं आंत दाबलीं कीं प्लेटीवरील दाब उठतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून मोकळें होतें. तीं दाबण्याचें काम रिलीज बेअरिंग करितें. हें बेअरिंग एका बैठकीवर चढविलेलें असून ती बैठक गिअरबॉक्सच्या तोंडाशीं असलेल्या नळीवर पुढेंमागें सरकते. बैठकीस सरकविणारा तो आपला फोर्क. त्याचीं दोन टोकें बैठकीच्या कानांमागें असतात, मधली वाटी क्लचच्या पेटींतील गोल डोक्याच्या खुंटावर टेकते, आणि बाहेरचें टोंक पेटीच्या बाजूच्या भोंकांतून निघून केबलीस जोडलेलें असतें. पेडल दाबलें कीं केबल बाहेरचें टोंक मागें ओढते, खुंटावर फोर्क तरफेप्रमाणें फिरतो, व आंतलीं टोकें बेअरिंगास पुढें ढकलितात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. केबल ताणलेली असे तोंवर फोर्काची वाटी खुंटावर दाबली जाते. केबल ढिली पडली कीं ती वाटी खुंटावरून निसटण्यास वाव मिळतो. बहुतेक फोर्क मोडल्यामुळें नव्हे, तर या ढिलाईमुळें जागचे सुटतात.

दोषाचीं लक्षणें.— पेडल एकाएकीं सैल होऊन पायाखालीं तळास जातें, गिअर सुटत नाहीं किंवा घालतांना दांते किंचाळतात, अशा वेळीं फोर्क निसटला, केबल तुटली अथवा जोडपिन गळाली, यांपैकीं एक घडलें असें समजावें. प्रथम गाडीखालीं केबल व पिन पाहावी. त्या शाबूत असून फोर्काचें बाहेरचें टोंक हातानें कसेंही डगमगत असेल, तर फोर्क खुंटावरून उतरला आहे. या स्थितींत गिअरमध्यें असलेल्या गाडीचा स्टार्टर दाबूं नये. क्लच सुटत नसल्यानें गाडी उडी मारून पुढें जाते. समोर गोठा असो, विहिरीचा कांठ असो किंवा मूल असो, ती भेद जाणत नाहीं.

खालीं शिरण्यापूर्वीं.— केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये. सपाट व कठीण जागा पाहावी, चाकांस दोन्ही बाजूंनीं अडण्या लावाव्या, चौकटीखालीं भक्कम लोखंडी घोड्या द्याव्या आणि बॅटरीची तार काढावी. विटांच्या थरावर भरंवसा ठेवूं नये. वीट सूचना न देतां फुटते. दुसरी सावधगिरी धुळीविषयीं. जुन्या क्लचप्लेटींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ श्वासावाटे गेली असतां फुप्फुसाचे असाध्य रोग होतात. सबब पेटींतील धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ती ओल्या फडक्यानें टिपून फडकें पिशवींत बांधून टाकावें.

गिअरबॉक्स न उतरवितां.— फोर्क नुसता उतरला असून झिजलेला नसेल, तर सबंध गिअरबॉक्स उतरविण्याचें कारण नाहीं. केबल सोडावी, बाजूच्या भोंकावरील रबरी टोपी काढावी व आंत दिवा धरून खुंट आणि बैठकीचे कान कोठें आहेत तें पाहावें. फोर्काचीं दोन्ही टोकें कानांमागें आणावीं, मग लांब पेंचकसाचा आधार देऊन वाटी खुंटासमोर धरावी व बाहेरचें टोंक मागें ओढावें. वाटी खुंटावर बसल्याचें हातास स्पष्ट कळतें. तें टोंक तसेंच ताणून धरून केबल जोडावी. एकानें टोंक धरावें व दुसऱ्यानें पिन घालावी. एकट्याचें हें काम नव्हे. टोपी फाटलेली असल्यास नवी घालावी, कारण तिच्यावांचून चिखल व पाणी आंत जाऊन खुंट खातात.

गिअरबॉक्स उतरवून.— वाटी खोल खणली गेली असेल, टोकें झिजून अरुंद झालीं असतील, खुंटाचें डोकें चपटें झालें असेल किंवा बेअरिंग घरघरत असेल, तर मात्र गिअरबॉक्स मागें घ्यावाच लागतो. या जीपमध्यें गिअरबॉक्स व चारी चाकांस शक्ति देणारी मागची पेटी एकत्र निघतात. गाडीच्या मजल्यावरील झांकण, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची तार, हातब्रेकची जोडणी व क्लचकेबल अगोदर सोडावी. इंजिनाचा मागचा आधार याच भागाखालीं असल्यामुळें आडवी पट्टी काढण्यापूर्वीं इंजिनाखालीं स्वतंत्र टेकू द्यावा. मग जॅकवर भार घेऊन गिअरबॉक्स सरळ रेषेंत मागें सरकवावा. तो अर्धा निघाला असतां क्लचप्लेटीवर लोंबकळूं देऊं नये. तेवढ्या भारानें प्लेटीचा मध्य वांकतो आणि नवा क्लचही नीट सुटत नाहीं.

जुना व नवा फोर्क शेजारीं ठेवून लांबी, वाटीची जागा व टोकांचा बांक ताडून पाहावा. दिसण्यांत सारखे भासणारे परंतु मापानें भिन्न फोर्क बाजारांत मिळतात. झिजलेल्या टोकांवर वेल्डिंगचा थर देऊन काम भागवूं नये. आंच लागून पोलादाचा कठीणपणा जातो. बेअरिंग रॉकेलांत धुवूं नये. त्यांत कारखान्यांतच भरलेलें ग्रीस असतें, तें निघून गेलें कीं बेअरिंग थोड्याच दिवसांत रडूं लागतें. खुंटाच्या डोक्यावर व बैठकीच्या नळीवर ग्रीसचा अगदीं पातळ हात द्यावा. अधिक दिलें तर तें उडून क्लचप्लेटीवर पडतें व क्लच घसरतो.

बसवितांना फोर्क प्रथम खुंटावर घ्यावा, बेअरिंगसह बैठक त्याच्या टोकांत ठेवावी आणि बाहेरचें टोंक मागच्या बाजूस बारीक तारेनें अलगद बांधून ठेवावें, म्हणजे पुढील खटाटोपांत वाटी निसटत नाहीं. गिअरबॉक्स पुढें आणतांना नळी बैठकींत सरळ शिरत आहे कीं नाहीं, तें एकानें बाजूच्या भोंकांतून पाहात राहावें. बोल्ट ओढून गिअरबॉक्स आंत खेंचूं नये. तो हाताच्या दाबानें बसत नसेल तर प्लेट मध्यावर नाहीं असें समजून पुन्हा मागें घ्यावा. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावे. केबल जोडल्यावरच तार सोडावी.

शेवटचें माप.— पेडल हातानें दाबून पाहावें. आरंभीं सुमारें एक इंचपर्यंत तें जोर न लागतां गेलें पाहिजे. त्यानंतर बेअरिंग बोटांस टेकून भार जाणवला पाहिजे. ही मोकळीक मुळींच नसेल तर बेअरिंग सदा फिरत राहून झिजतें व क्लच घसरतो. ती अतिशय असेल तर गिअर किंचाळतात व फोर्क पुन्हा निसटण्याची भीति राहते. प्लेट झिजत जाते तशी मोकळीक कमी होते, यास्तव पेरणीपूर्वीं व सुगीपूर्वीं ती मोजावी. गाडी चालवितांना पेडलावर विनाकारण पाय टेकून ठेवण्याची संवय मोडावी.

खेड्यांत कारागीर हाताशीं नसतो, आणि गाडी बिघडते ती बहुधा माल बाजारांत न्यावयाच्या दिवशींच. कांहीं मंडळी म्हणतील कीं, हें मिस्तरीचें काम, आम्हांस काय त्याचें. परंतु सातबाराचा उतारा वाचतां येणारा खातेदार जसा सहसा फसत नाहीं, तसाच आपल्या गाडीचा फोर्क कोठें बसतो हें जाणणारा धनी मिस्तरीकडून नको तें काम करून घेत नाहीं. केबल ताणून जें काम तासाभरांत होतें, त्यासाठीं सारा गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी त्यास भरावी लागत नाहीं; आणि खरोखर उतरविणें अवश्य असेल, तर तेंही तो वेळेवर ओळखतो. इत्यलम्.