संशोधनाची वाट : पीएच्.डी. आणि त्यापुढे



एम.एस्सी. किंवा एम.टेक. झालेली मुलगी पीएच्.डी. करते म्हणाली, की घरची मंडळी विचारतात, "अजून किती वर्षे शिकणार? कमावणार कधी?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पहिली पदवी आता कुठे आली, तेथे पगाराची निकड असतेच.

पैशाअभावी संशोधन कसे अडते, हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून व पैसे साठवून ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

आज तशी अडचण सर्वांपुढे नाही. पवईची आय.आय.टी. घ्या. तेथे विज्ञान-अभियांत्रिकीबरोबर मानव्यविद्यांचाही विभाग आहे. साधारणपणे 'गेट' किंवा 'नेट' परीक्षेच्या आधारे मुलाखतीस बोलावतात. 'गेट' पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते व तिचे गुण तीन वर्षे चालतात. निवड होऊन विद्यावेतन मिळाले, तर विद्यार्थी संशोधन करतो आणि आठवड्यातून काही तास अध्यापनात मदत करतो. जानेवारी २०२३ पासून केंद्राचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये असा आहे. याशिवाय अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आणि पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आहे.

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही हा हक्क मिळाला. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवावा.

पीएच्.डी.नंतरची पायरी 'पोस्ट-डॉक्टरल' संशोधकाची. येथे नवी पदवी मिळत नाही. हे ठरावीक मुदतीचे काम असते आणि अनुभव व शोधनिबंध हीच त्याची कमाई. रिसर्च असोसिएटसाठी केंद्राचा दर २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आहे. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ होण्याची वाट बहुधा येथूनच जाते.

मी स्वतः बँकेत कारकून आहे आणि कारकुनीला कमी लेखत नाही. तिने अनेक घरे उभी केली. संशोधनवृत्ती ही कायमची नोकरी नव्हे आणि रक्कम दरमहा वेळेवर येईलच असेही धरू नये. थोडी शिल्लक बाजूला ठेवावी. पण ज्या मुलाला विषयाची खरी ओढ आहे, त्याला केवळ माहितीअभावी स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे करू नये.

पालकांनी एवढे करावे : मुलांना विषय विचारावा, मार्गदर्शक कोण ते विचारावे, विद्यावेतन किती ते विचारावे, आणि मग निर्णय घ्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!