आधी विचारावे, मग तपासावे

सांवेरच्या मंडीत घाऊक धान्याचा व्यापार करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. पोत्यातून काढलेला मूठभर नमुना मालाचा कस सांगतो. परंतु माल काढणीच्या वेळी पावसात भिजला होता काय, हे शेतकऱ्यासच विचारावे लागते. आरोग्यविषयक संशोधनासही हाच न्याय लागू पडतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापिली. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, अशी त्या काळची समजूत होती. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा शेकडा ९२ जणींस स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या मात्र शेकडा ८ होत्या. हे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दुखणे होतेच, विचारणारा नव्हता.

दवाखाना उभारतानाही आदिवासींचे मत घेतले गेले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आप्तांस जवळ राहू देत नाहीत, पांढरी वस्त्रे पाहून प्रेताची आठवण होते, असे त्यांनी सांगितले. म्हणून दवाखाना झोपड्यांचा झाला व त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

तथापि लोकांचे सांगणे हाच निष्कर्ष नव्हे. ते काट्यावर तोलावे लागते. गावातील स्त्रियांस शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केली गेली व अन्य ४७ गावांशी तुलना झाली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

आता आमचीच चूक सांगतो. एकदा आम्ही काही व्यापाऱ्यांनी हमाल-कुटुंबांसाठी तपासणी शिबिर भरविले. दिवस आम्ही ठरविला, तोही ऐन आवकेचा. हमाल आले नाहीत आणि पुरुष डॉक्टर पाहून त्यांच्या स्त्रिया दारातूनच परतल्या. पुढे एका वृद्ध हमालाने म्हटले, "शेठजी, विचारले असते तर सांगितले असते." ते शब्द आजही बोचतात.

सभासद बंधुभगिनींनो, दानाची रक्कम मोजण्यापूर्वी ज्यांच्यासाठी दान, त्यांस प्रथम विचारू या. कोणते दुखणे छळते, कोणती वेळ सोयीची, कोणापाशी बोलता येईल, हे तीन प्रश्न विचारण्यास एक पैसाही लागत नाही.