आकडेवारीसाठी आलेखाची निवड

आकड्यांचे कोष्टक फार थोडे लोक वाचतात. भिंतीवरील आलेख मात्र ग्रामसभेला आलेला प्रत्येक जण पाहतो. म्हणूनच आलेखाची निवड ही सजावटीची नव्हे, जबाबदारीची बाब होय.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. वीस वर्षांत ५२ ची घट झाली.

ही माहिती शून्यापासून सुरू होणाऱ्या स्तंभालेखात मांडली, तर तिन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात आणि काळजीचे कारण नाही असे वाटते. उभा अक्ष ८८० पासून सुरू केला, तर २०११ चा स्तंभ १९९१ च्या स्तंभाच्या जेमतेम एक-पंचमांश उरतो. पहिला आलेख धोका झाकतो, तर दुसरा दिशाभूल करतो. कारण स्तंभ पाहताना नजर उंचीची तुलना करते आणि शून्य वगळले की त्या तुलनेला अर्थ राहत नाही. वर्तुळालेख तर येथे गैरलागूच. तो एका संपूर्ण गोष्टीचे भाग दाखविण्यासाठी असतो.

काळानुसार होणारा बदल दाखविण्यास रेषालेख योग्य. त्यात नजर उतार पाहते; त्यामुळे अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो. मात्र तसे स्पष्ट लिहावे आणि प्रत्येक बिंदूवर आकडा द्यावा.

'आर' या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत आलेख काढण्यासाठी 'जीजीप्लॉट-२' हा संच वापरतात. त्यात स्तंभ आपोआप शून्यापासून उभे राहतात. रेषालेखाचा अक्ष मात्र आकड्यांच्या आसपासच आखला जातो. संगणकाने आखलेला हा अक्ष तपासल्याशिवाय स्वीकारू नये. २०११ च्या जनगणनेतील ३५ जिल्ह्यांची तुलना करावयाची असल्यास जिल्ह्यांची नावे डावीकडे, उतरत्या क्रमाने लिहून प्रत्येकापुढे एक बिंदू द्यावा. रंग एकच ठेवावा. आपला जिल्हा तेवढा वेगळ्या रंगात दाखवावा.

शेवटी शीर्षक, वर्ष, परिमाण आणि माहितीचा आधार यांची नोंद विसरू नये. असा आलेख लोकांना घाबरवीत नाही की निर्धास्तही करीत नाही. आपल्या गावात मुलींची संख्या किती, हा प्रश्न विचारण्यास तो त्यांना प्रवृत्त करतो.